आठवी शपथ

मनकर्णा बारापात्रेला नवऱ्याच्या सगळ्या शपथा पाठ होत्या. पहिली कोराडीच्या देवीपुढची. लग्नाला तेव्हा चारच वर्षं झाली होती. ती शपथ तीन महिने टिकली. देवीलाही नव्या जोडप्याची दया आली असावी. मग ताजबागेच्या दर्ग्यातली, मग रामटेकची. सासू गेली तेव्हा तिच्या तिरडीला हात लावून एक घेतली, ती तेरवीपर्यंतही पोचली नाही. एक हातमागावर हात ठेवून घेतली, म्हणजे ज्याच्यावर घर चालतं त्याचीच. एक पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. तिचे एकोणीस दिवस. आणि सातवी गेल्या वर्षी गल्लीतल्या गणपतीपुढे, अख्ख्या तांडापेठेदेखत. ती विसर्जनाच्या दिवशी गणपतीसोबतच बुडाली.

चंद्रभान वाईट माणूस नव्हता. दारुड्यांच्या बायकांना हे वाक्य फार ऐकावं लागतं. करवती काठाचं लुगडं विणावं तर त्यानंच, असं विणकर सोसायटीतले लोक म्हणत. खड्ड्याच्या मागावर बसला आणि धोटा हातात घेतला की एक काठ दुसऱ्या काठाला सूतभर चुकायचा नाही. पण हात थरथरतो म्हणून सकाळी एक गिलास मोहाची लागायची, आणि ती प्यायली की संध्याकाळपर्यंत हात आणखी थरथरायचा, असं ते चक्र होतं. मनकर्णा रहाटावर सुताच्या कांड्या भरायची, आणि त्या मागापाशी तशाच पडून राहायच्या.

तो मारायचा नाही. रडायचा. तिच्या पायाशी बसून, नाक पुसत, लहान लेकरासारखा रडायचा. रडणारा दारुडा मारणाऱ्यापेक्षा बरा, असं गल्लीतल्या बाया म्हणत. म्हणणाऱ्यांनी एकदा रडणाऱ्याला वीस वर्षं सांभाळून पाहावं! मारणाऱ्याचा निदान राग तरी करता येतो. रडणाऱ्याचे डोळे पुसायचे, त्याला जेवू घालायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. मनकर्णा थकली होती. आजाऱ्याला येतो तसला थकवा नव्हता तो. सकाळी उठतानाच अंगात असायचा.

एक्याऐंशी सालच्या चैत्रात तिचा मोठा भाऊ ईश्वरदास उमरेडहून आला. त्याचा तिथं मोठा संसार होता, घरात तीन माग चालत. तो सरळच बोलला, "मना, दसऱ्यापावेतो पाहू. नाही सुधरला तं तुले अन् पोरीले घेऊन जातो. तिकडं काम काही कमी नाही."

"हो, दादा," ती म्हणाली. वाद घालायलाही ताकद लागते.

उन्हाळ्यात चंद्रभानला कावीळ झाली. मोठ्या दवाखान्यात बारा दिवस खाटेवर होता. त्या वॉर्डात वच्छलाबाई नावाची जुनी नर्स होती, जिभेनं तिखट आणि हातानं मऊ. तिनं एका दुपारी मनकर्णाला जिन्याजवळ गाठलं.

"बाई, याले दवा देऊन काही होत नाही. घरी गेला का पुन्हा पेते. धरमपेठेत दर गुरुवारी संध्याकाळी बैठक भरते. दारू सोडलेलेच लोक चालवतात. डॉक्टर नाही, बाबा नाही, पैसे नाही. माहा भाऊ जाते तिथं."

"सुटली त्याची?"

"दोन सालं झाले. चर्चच्या मांगं शाळा हाय, तिथं विचारजो."

विचारजो म्हणायला तिचं काय जातं! पुढच्या गुरुवारी मनकर्णा एकटीच निघाली. बर्डीला बस बदलली, धरमपेठेत उतरली. चर्चमागच्या शाळेच्या दाराला कुलूप होतं. तेव्हा तिला कळलं, की विचारायचं तर कसं विचारायचं? नऊवारी नेसलेली कोष्ट्याची बाई भर रस्त्यात कोणाला आणि काय विचारणार? तिनं धीर करून एका पानठेल्यावर विचारलं, "दारूवाल्यायचं मंडळ कुठं हाय जी?" पानवाल्यानं हात लांब करून देशी दारूचं दुकान दाखवलं. एका सज्जन माणसानं तिला भजनी मंडळात नेऊन सोडलं. तिथं तिनं अर्धा तास टाळ ऐकले, प्रसाद घेतला, आणि इथं कोणी दारू सोडलेलं दिसत नाही असं पाहून निघाली. एका होमिओपॅथीच्या डॉक्टरनं तर तिला आत बसवून तिचीच जीभ पाहिली. तोवर दिवेलागण झाली होती. ती रिकाम्या हातानं परत आली आणि घरी चकार शब्द बोलली नाही.

दुसऱ्या गुरुवारी सापडली ती जागा. शाळेच्या मागच्या अंगाला एक खोली होती. सात-आठ माणसं पोरांच्या ठेंगण्या बाकांवर गुडघे वर करून बसली होती. एक बाबू दिसत होता, एक रिक्षावाला, एक चांगला सफारी घातलेला. बाजूला चहाची किटली. मनकर्णा दारात उभी राहिली, तसा पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा उठून बाहेर आला. दत्तोपंत त्यांचं नाव. रेल्वेत तिकीट तपासनीस होते, आता पेन्शनीत.

"कोणासाठी आलात, बाई?"

"मालकासाठी."

"त्यांनाच घेऊन या. येतील का?"

"शपथ घ्याले तो कवाही येते जी. त्याची सवयच हाय त्याले."

दत्तोपंतांनी कपाळावर आठी घातली. "बाई, एक ऐकून जा. इथं..."

पण मनकर्णाचं लक्ष बसकडे लागलं होतं. ती नमस्कार करून निघालीसुद्धा. तिच्या आयुष्यात दारू सोडायची एकच रीत होती आणि ती तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

म्हणून तिसऱ्या गुरुवारी तिनं रीतसर तयारी केली. नारळ घेतला, हळदकुंकू घेतलं, चंद्रभानला धुतलेलं धोतर दिलं. आणि साक्षीला भैयाजींना घेतलं. भैयाजी म्हणजे गल्लीतलं जुनं खोड. कोणाची सोयरीक असो, वाटणी असो, भांडण असो, भैयाजींशिवाय पान हलायचं नाही. कोष्ट्याच्या गल्लीत पंचाशिवाय घेतलेल्या शपथेला कोणी शपथ म्हणत नाही. आजवरच्या साती शपथांना भैयाजी हजर होते. त्या मोडल्या, पण साक्षीत कसूर नव्हती, एवढं त्यांचं समाधान होतं.

चंद्रभान मुकाट्यानं आला. दवाखान्यातून येऊन त्याला पाच आठवडे झाले होते आणि त्यातले चार तो पीत होता. बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. आता आठवी, हे त्यालाही माहीत होतं.

त्या खोलीत भैयाजी टोपी सावरून पहिल्या बाकावर बसले आणि मनकर्णानं टेबलावर नारळ ठेवला. सगळी माणसं नारळाकडे पाहू लागली. रिक्षावाला हळूच हसला, पण त्या हसण्यात टर नव्हती.

"हे कशाला, बाई?" दत्तोपंतांनी विचारलं.

"शपथेचा नारळ जी."

"आम्ही इथं शपथ देत नाही."

मनकर्णाला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. भैयाजी मात्र बरोबर ऐकत होते. "शपथ देत नाही? मंग दारू सोडवता कशी?"

"आजच्या दिवस प्यायची नाही. उद्याचं उद्या."

"वा! म्हणजे उद्या पेऊ शकते हा?"

"पिऊ शकतो," दत्तोपंत म्हणाले. "मीसुद्धा पिऊ शकतो. अकरा वर्षं झाली मला सोडून. आणखी एक, रागावू नका. ज्याला पिण्याचा त्रास आहे तोच या खोलीत बसतो. इथं कोण येतं, काय बोलतं, ते बाहेर जात नाही. तुम्ही आणि बाई जरा बाहेर व्हरांड्यात बसाल का?"

चाळीस वर्षांत भैयाजींना कोणत्याही बैठकीतून कोणी उठवलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचा नारळ उचलला, पिशवीत घातला आणि व्हरांड्यातही न थांबता तडक बसस्टॉपची वाट धरली. मनकर्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तिचीच होती. म्हातारा मागच्या खेपेस सांगत होता, ती ऐकायला थांबली नाही. ती एकटी पायरीवर बसून राहिली. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा कोणी तरी खदखदून हसलं. दारूच्या गोष्टीत हसण्यासारखं काय असतं ते तिला कळेना, आणि तिला रागही आला.

तासाभरानं चंद्रभान बाहेर आला.

"काय केलं आत?"

"काही नाही वं. माहं नाव सांगतलं, पेतो म्हणून सांगतलं, अन् बसलो. बाकीच्यायनं आपापलं सांगतलं." मग म्हणाला, "तो सफारीवाला बाथरूमात लपवून ठेवे. मी कांड्याच्या टोपलीत ठेवतो."

कांड्यांची टोपली! वीस वर्षं ती टोपली तीच भरत होती.

नंतरच्या गुरुवारी तो आपणहून गेला. मग पुढच्याही. मनकर्णाचा विश्वास बसला म्हणावा, तर तसं काही नाही. संध्याकाळी तो जेवायला बसला की ती वाढायच्या निमित्तानं वाकायची आणि वास घ्यायची. त्याच्या ते ध्यानात होतं. एके दिवशी त्यानंच तोंड पुढे केलं आणि म्हणाला, "घे." ती शरमली, पण वास घेतलाच. नव्हता. त्याचे हात पहिले पंधरा दिवस इतके थरथरले की धोटा दोनदा खाली पडला. प्रेमिला, त्यांची सतरा वर्षांची पोर, मॅट्रिक होऊन घरीच असायची. ती धोटा उचलून द्यायची, पण बापाच्या तोंडाकडे पाहायची नाही. तिचं आणि बापाचं बोलणं चार वर्षांपासून जेवायला हाक मारण्यापुरतंच उरलं होतं.

असे सात आठवडे गेले. मग पोळा आला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली. साऱ्या नागपूरची इडापिडा मारबत घेऊन जाते म्हणतात. त्या वर्षी तिनं बारापात्र्यांच्या घरची तेवढी परत आणून टाकली. चंद्रभान मिरवणूक पाहायला म्हणून गेला आणि दोघांच्या आधारानं घरी आला. मनकर्णानं त्याला भिंतीशी बसवलं, पाणी दिलं. तिला रडू आलं नाही. झालं, एवढंच मनात आलं. दसरा सव्वा महिन्यावर होता. तिनं त्याच आठवड्यात पेटी झाडून घेतली आणि लुगडी घडी करून ठेवायला लागली.

गुरुवारी तो पुन्हा धरमपेठेत गेला. परत आल्यावर तिनं नको नको म्हणत विचारलंच, "सांगतलं त्यायले?"

"सांगतलं."

"मंग? काय म्हणले?"

"चहा देला."

इकडे भैयाजींच्या मनातून ते उठवणं काही जात नव्हतं. उमरेडला सुताची गाडी जायची, तिच्या माणसाजवळ त्यांनी निरोप धाडला: तुमच्या जवायानं शपथ घेतली नाही. उद्या पेऊ शकतो असं त्यांच्या मंडळाचं म्हणणं आहे, आणि मारबतीला प्याला.

दसरा झाला आणि चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ईश्वरदास दारात उभा राहिला. भैयाजीही आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण बोलवायची गरजही नव्हती. चंद्रभान मागावर होता. सोप्यात मनकर्णाची पेटी बांधून ठेवलेली होती, ती सगळ्यांना दिसत होती.

ईश्वरदास भांडखोर माणूस नव्हता. प्रवासानं तोही शिणला होता. तो म्हणाला, "जवाई, मले बहिणीचा संसार मोडायची हौस नाही. भैयाजी साक्षीले हायेत. तुमी इच्या डोक्शावर हात ठेवा, दारू सोडली म्हणा. मी चहा पेतो अन् वापस जातो. बस, येवढंच."

येवढंच! चंद्रभानसाठी ती डाव्या हाताची गोष्ट होती. सात वेळा केलेली. मनकर्णाला वाटलं, म्हणून टाक ना बाप्पा, तुझं काय जातं? तिनं डोक्यावरचा पदर मागं केला, खाली बसली आणि मान वाकवली.

चंद्रभान खड्ड्यातून वर आला. हात धोतराला पुसले. तिच्या समोर उभा राहून त्यानं हात पुढे केला, तिच्या भांगावर चार बोटं अंतरावर आणला. आणि मागं घेतला.

"मले नाही जमत."

"पाहा!" भैयाजी म्हणाले. "मी काय सांगतलं होतं?"

"काहून नाही जमत?" ईश्वरदासचा आवाज पहिल्यांदा चढला.

"पोरीच्या डोक्शावर ठेवला होता मी हात, ईश्वरभाऊ. एकोणीस दिवसांत पेलो. अन् त्याच महिन्यात तिले टायफाइड झाला. दीड महिना खाटेवर होती. सारे केस गेले तिचे." तो आतल्या दाराकडे पाहत होता, तिथं प्रेमिला उभी होती. "डॉक्टर म्हणे पाण्यानं झाला. मले माहीत हाय कायनं झाला ते. आता हिच्या डोक्शावर ठेवू? मी उद्या पेलो तं?"

"म्हणजे तुमी पेणार?"

"माहीत नाही गा. आज नाही पेलो. काल नाही पेलो. मारबतीले पेलो होतो. उद्याचं मले खरंच नाही माहीत."

मनकर्णा मान खाली घालून तशीच बसली होती. पोरीच्या तापात तिनंच तिचे केस कात्रीनं कापले होते. कापताना तिच्याही मनात नेमकं हेच आलं होतं, आणि चार वर्षांत तिनं ते कोणाजवळ काढलं नव्हतं. हा माणूसही तेच घेऊन वावरत होता, त्याच घरात, तिच्या हातचं जेवत. तिला त्याचा राग आला. कीवही आली. आणि तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. साती शपथांच्या वेळी, शब्द त्याच्या तोंडातून निघताच, ही किती दिवस टिकेल ते ती मनात मोजायला लागायची. आज मोजलं नव्हतं.

"चाल मना," भाऊ म्हणाला. "आयकलं न?"

तिनं पदर डोक्यावर घेतला. "दादा, तू चहा घे. मी नाही येत."

"कोनाच्या भरवशावर राह्यशील?"

"भरवसा नाही जी. भरवसा ठेवून ठेवूनच तं थकली मी. पण वीस वर्षांत हा आज पह्यल्यांदा माह्याशी खरं बोलला. आता मी जाऊ कशी?"

भैयाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. बोलली ती प्रेमिला. "आई, मले जायचं हाय मामासंग," ती म्हणाली. आवाज शांत होता. तिलाही थकण्याचा हक्क होता, फक्त तो आजवर कोणी विचारात घेतला नव्हता. मनकर्णानं पेटीतली आपली लुगडी काढली आणि पोरीचे कपडे भरले. पेटी बसस्टँडवर चंद्रभाननं नेली. गाडी सुटायच्या वेळी त्याच्या ओठाशी काही तरी आलं. वीस वर्षांची सवय होती, पोरी, तू ये, तोवर मी सोडतो, असंच काही तरी असणार. ते त्यानं गिळलं. "तुह्या आईले सांगीन कार्ड टाकाले," एवढंच म्हणाला.

मनकर्णा चौथी शिकली होती. दर शुक्रवारी ती रहाट बाजूला सारून पोस्टकार्ड लिहायला बसे. अक्षर मोठं, ओळी तिरप्या. सगळे बरे आहेत, लुगडं उतरलं, थंडी पडली, आणि शेवटी, बाबा बैठकीले गेले होते. उत्तर कधी यायचं, कधी यायचं नाही. आलंच तर मामीचा खोकला आणि मागाचं काम, याच्यापुढे नाही.

शिमग्याला चंद्रभान प्याला. दोन दिवस प्याला आणि गुरुवारी गेलाच नाही. शुक्रवारी मनकर्णा कार्ड घेऊन बसली आणि हात चालेना. पोर दूर आहे, तिला काय कळणार आहे, असं मनानं दहा वेळा सांगितलं. शेजारची सुभद्रा तर स्पष्टच म्हणाली, "लिव्ह का बरं हाय, काहून पोरीचा जीव जाळतं?" मनकर्णानं ते कार्ड मांडीवर ठेवलं. मग लिहिलं: बाबा पेले. गुरुवारी गेले नाही. पुढच्या गुरुवारी जातील का माहीत नाही. कार्ड टपालपेटीत टाकताना तिला वाटलं, पोर आता कायमची तिकडचीच झाली.

पुढच्या गुरुवारी तो गेला. आणि रविवारी दुपारी प्रेमिला पेटी घेऊन दारात उभी होती, एकटीच. चंद्रभान मागावरून उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला.

मनकर्णानं तिच्या हातातली पेटी घेतली. "बाबा गुरुवारी गेले होते. कार्ड भेटलं काय तुले?"

"ते नाही भेटलं अजून," प्रेमिला म्हणाली. "त्याच्या आंधीचं भेटलं. बाबा पेले म्हणून लिवलं होतं ते. म्हणून आली."